दागिने मोडण्याआधी: अतिदक्षता विभागातील नवजात बाळाच्या खर्चासाठी मदत कशी मिळवावी

एका तरुण वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ते शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत कंत्राटदारामार्फत कामाला आहेत. पत्नी पहिल्या बाळंतपणासाठी भुदरगड तालुक्यातील माहेरी गेली होती. एकतिसाव्या आठवड्यातच कळा सुरू झाल्याने तिला कोल्हापुरात आणावे लागले आणि १,३५० ग्रॅम वजनाचे बाळ जन्मले. ते एका खासगी रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात असून श्वासाला आधार देणारे सीपॅप हे यंत्र लावले आहे. पन्नास हजार रुपये अनामत भरून झाली आहे आणि रोजचा खर्च बारा ते चौदा हजारांच्या घरात आहे. सरकारी योजनेबद्दल विचारल्यावर काउंटरवरून "तुमचं योजनेत बसत नाही" एवढेच उत्तर मिळाले. आता पत्नीचे दागिने मोडावेत, बाळाला सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, हलवावे की कुठून मदत मिळण्याची वाट पाहावी, असे त्यांनी विचारले आहे.

मी कोल्हापुरातील एका विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयात एकवीस वर्षे वैद्यकीय समाजसेवक म्हणून काम करत आले आहे. नवजात विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्या वडिलांशी बोलणे हे माझे रोजचे काम आहे. त्या बाकावर पहिला प्रश्न नेहमी "पैसे कोण देईल?" हाच असतो. माझ्या अनुभवाने खरी अडचण वेळेची असते. नवजात बाळासाठीची सरकारी किंवा धर्मादाय मदत जवळजवळ नेहमी रुग्णालयामार्फतच मिळते आणि ती पुढच्या दिवसांसाठी मिळते. भरून झालेल्या बिलाचे पैसे त्यातून सहसा परत मिळत नाहीत. म्हणून दागिने मोडून आठवडाभराचे बिल भरायचे आणि मग मदतीच्या शोधाला लागायचे, हा क्रम सर्वांत महाग पडतो. मदतीचा अर्ज आज, बाळ खाटेवर असतानाच व्हायला हवा.

सर्वप्रथम "योजनेत बसत नाही" या वाक्याचा अर्थ काढून घ्या. हे वाक्य मी हजारो वेळा ऐकले आहे आणि त्यामागे किमान चार वेगवेगळी कारणे असू शकतात. ते रुग्णालय राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत नसेल. योजनेत असेल, पण नवजात बाळांच्या उपचारांसाठी अंगीकृत नसेल. दारावर योजनेचा फलक असतो, मात्र मान्यता हाडांच्या किंवा मुतखड्याच्या शस्त्रक्रियांपुरती असते, हे पुष्कळदा घडते. तिसरे म्हणजे रुग्णालय आणि उपचार दोन्ही बसत असतील, पण तुमच्या रेशन कार्डातील नावे जुळत नसतील. आणि चौथे, सांगताना संकोच वाटतो तरी सांगायला हवे, की सगळे बसत असूनही रोख भरणारा रुग्ण योजनेत घालण्याची इच्छा नसेल. चारही कारणांवरचे उपाय निरनिराळे आहेत. तेव्हा काउंटरवर पुन्हा जाऊन नम्रपणे विचारा, "नेमके काय बसत नाही, ते लिहून द्याल का?" लेखी मागितले की उत्तर पुष्कळदा बदलते. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे रुग्णांना योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाचा, स्वतंत्र कक्ष असतो. बिलिंगवाल्यांचे उत्तर अंतिम मानू नका, आरोग्यमित्राला प्रत्यक्ष भेटा. शंका राहिली तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या निःशुल्क क्रमांकांवर रुग्णालयाचे नाव सांगून ते नवजात उपचारांसाठी योजनेत आहे का, हे विचारता येते.

ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने काही जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर गेली आणि २०१७ पासून तिला आजचे नाव मिळाले. आता ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेबरोबर एकत्रितपणे चालते. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते. जुलै २०२४ पासून ते पाच लाख रुपये झाले आहे. पिवळ्या आणि केशरी कार्डापुरती असलेली मर्यादाही उठली असून पांढरे कार्ड असलेली कुटुंबेही आता पात्र आहेत. "आमचं कार्ड पांढरं, आम्हाला काय मिळणार" असे म्हणून परत जाणारी माणसे मला अजून भेटतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिले. निपाणी-बेळगाव बाजूच्या वाचकांसाठी एक गोष्ट: सीमाभागातील ८६५ गावांनाही राज्य सरकारने २०२३ मध्ये या योजनेत घेतले आहे. त्यांच्यासाठी लागणारी कागदपत्रे वेगळी असल्याने ती आरोग्यमित्राकडून आधी समजून घ्यावीत.

नवजात बाळाच्या बाबतीत उपचारांचे पॅकेज बाळाच्या गरजेच्या पातळीनुसार, दिवसाच्या हिशेबाने मंजूर होते. व्हेंटिलेटरवरच्या बाळाची पातळी वेगळी, सीपॅपवरच्या बाळाची वेगळी आणि फक्त ऊब व नळीने दूध लागणाऱ्या बाळाची वेगळी. डॉक्टरांनी केस पेपरवर आठवडे, वजन, श्वासाची स्थिती आणि चालू असलेले उपचार स्पष्ट लिहिले नसतील, तर मंजुरी देणारे शंका काढतात आणि दोन दिवस वाया जातात. मंजुरी अडकल्याचे कळले की मी प्रथम हाच कागद तपासते.

आता तुमच्या घरची नेमकी अडचण. पहिले बाळंतपण माहेरी आणि सुनेचे नाव सासरच्या रेशन कार्डात अजून चढलेले नाही, ही आपल्याकडची नित्याची गोष्ट आहे. बाळाचे नाव तर कोणत्याच कार्डात नसते. यासाठी योजनेत सोय आहे. बाळाचा जन्मदाखला, आई किंवा वडील यांपैकी एकासोबतचा बाळाचा फोटो आणि त्या पालकाचे नाव असलेले रेशन कार्ड, यांवर बाळाला लाभ मिळू शकतो. तुमचे नाव तुमच्या वडिलांच्या कार्डात असेल, तर तुमच्यासोबतचा फोटो आणि ते कार्ड दाखवा. पत्नीचे नाव माहेरच्या कार्डातून कमी होण्याची वाट पाहत बसू नका. जन्मदाखल्यासाठी बाळाचे नाव ठरलेले असण्याची गरज नाही. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते आणि नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येते. रुग्णालयाकडून महापालिकेकडे नोंद गेली का, हे दुसऱ्याच दिवशी विचारा. आपत्कालीन स्थितीत फोनवरून तात्पुरती मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची आणि कागद मागाहून देण्याचीही तरतूद आहे.

एक प्रसंग सांगते, कारण कागद हाताशी नाहीत म्हणून हात टेकणारे पुष्कळ भेटतात. काही हंगामांपूर्वी बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला आलेले एक जोडपे आमच्याकडे आले. फडावरून बैलगाडीने रस्त्यापर्यंत आणि तिथून १०८ च्या रुग्णवाहिकेने. बाळ बत्तिसाव्या आठवड्यातले होते. रेशन कार्ड गावी पत्र्याच्या पेटीत आणि पेटीची किल्ली आईच्या कमरेला. ती किल्ली घेऊन कुणी गावी जाईपर्यंत चार दिवस गेले असते. शेवटी गावातल्या म्हाताऱ्या सासूबाईंनी शेजाऱ्याकडून कुलूप तोडून घेतले आणि नातवाने मोबाइलवर कार्डाचा फोटो पाठवला. घडी पडलेल्या जागी कार्डक्रमांकाचे दोन आकडे पुसट होते. तो पोरगा कार्ड घेऊन अंगणात उन्हात उभा राहिला, दोन बोटांनी घडी ताणून धरली आणि पुन्हा फोटो पाठवला, तेव्हा सगळे आकडे वाचता आले. आरोग्यमित्राने क्रमांक तपासला आणि दुसऱ्या संध्याकाळी मंजुरी आली. योजना राज्यभर चालते, त्यामुळे बीडचे कार्ड कोल्हापुरात चालले. त्या फोटोतली दोन बोटे माझ्या डोळ्यांसमोर अजून आहेत.

मंजुरीच्या संदर्भात दोन इशारे देणे माझे कर्तव्य आहे. दाखल करताना सह्या घेतलेल्या कागदांत "आम्ही स्वेच्छेने योजनेचा लाभ नाकारत आहोत" असे हमीपत्र असू शकते. घाईत त्यावर सही झाली असेल, तर त्याची प्रत मागा आणि आता योजनेतून उपचार हवे आहेत असा अर्ज लेखी द्या. दुसरे असे, की मंजुरीनंतर त्या पॅकेजमधील उपचारांसाठी वेगळे पैसे घेता येत नाहीत. कुणी "योजना आहे, पण वरचे इतके द्यावे लागतील" म्हणत असेल, तर पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका आणि आरोग्यमित्राला सांगा.

तुम्ही फौंड्रीत काम करता, म्हणून पुढचा मुद्दा योजनेइतकाच महत्त्वाचा आहे. तुमच्या पगारपत्रकावर ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, कपात दिसते का? दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार, तो कंत्राटदारामार्फत असला तरी, कायदा लागू असलेल्या कारखान्यात ईएसआयचा हक्कदार असतो. कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी भरली जाते. त्या बदल्यात पत्नी आणि बाळ दोघांवरही उपचार होऊ शकतात. कोल्हापुरात ईएसआयचे रुग्णालय आहे. जी सेवा तिथे नाही, तिच्यासाठी करार केलेल्या खासगी रुग्णालयाकडे पत्र देऊन पाठवले जाते आणि तिथे रोख भरावी लागत नाही. मोठ्या उपचारांसाठी नोकरीचा आणि वर्गणीचा कालावधी पाहिला जातो, म्हणून नुकत्याच लागलेल्या कामगाराचे उत्तर वेगळे येऊ शकते. बाळ आधीच बाहेर दाखल असेल, तर आपत्कालीन उपचारांच्या खर्चाची प्रतिपूर्ती नियमांच्या अधीन राहून मागता येते. आज रात्रपाळीला जाण्याआधी कंत्राटदाराच्या माणसाकडून तुमचा विमाक्रमांक घ्या. कपात होऊनही वर्षानुवर्षे ज्यांना तो क्रमांक माहीत नाही, असे कामगार मी शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल या तिन्ही ठिकाणचे पाहिले आहेत.

बांधकामावर काम करणाऱ्या वाचकांनी कल्याणकारी मंडळाकडील नोंदणी चालू आहे का ते पाहावे. तिथे प्रसूतीसाठी आणि गंभीर आजारासाठी स्वतंत्र अर्थसाहाय्य आहे. ज्यांच्या कंपनीचा गटविमा आहे, त्यांनी बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का, हे मनुष्यबळ विभागाला विचारून बाळाची नोंद लगेच करून घ्यावी. वैयक्तिक पॉलिसींत मात्र नवजात बाळ पुष्कळदा नव्वद दिवसांनंतरच धरले जाते, म्हणून तिच्यावर भिस्त ठेवण्याआधी अटी वाचाव्यात.

तुमचे बाळ ज्या रुग्णालयात आहे, ते एखाद्या सार्वजनिक विश्वस्त संस्थेचे आहे का, हेही पाहा. बिलाच्या किंवा पावतीच्या माथ्यावर ट्रस्टचे नाव आणि नोंदणी क्रमांक असतो. तसे असेल आणि ते धर्मादाय रुग्णालयांच्या यादीत असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना त्याला लागू होते. त्यानुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. निर्धन म्हणजे वर्षाचे उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३,६०,००० रुपयांपर्यंत. रुग्णालय आपल्या एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी ठेवते आणि या रुग्णांचा औषधे-साहित्याचा खर्च त्यातून भागवते. खाट, परिचर्या, निवासी डॉक्टरांची सेवा, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे निर्धन रुग्णाकडून घ्यायचे नसतात. आपत्कालीन रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घेण्याचे बंधनही याच योजनेत आहे.

मी स्वतः अशाच रुग्णालयात काम करत असल्याने याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगते. नवजात विभागातील एका बाळाचा महिन्याभराचा खर्च इतका असतो, की महिन्यात अशी तीन बाळे आली तरी निधी तळाला जातो. त्यामुळे "निधी संपला" हे उत्तर खरेही असू शकते. तरीही अर्ज द्यावा, कारण शिल्लक बदलत असते आणि अर्धी सवलत तरी मिळवून देता येते. रुग्णालयाने दाद दिली नाही, तर कोल्हापुरातील धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्जाची पोच घेऊन तक्रार करता येते. लागणारा कागद एकच मोठा: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा त्याऐवजी रेशन कार्ड. उत्पन्नाचा दाखला पुढेही लागणार आहे, म्हणून घरातील एखाद्या भावाला आजच त्या कामाला लावा. सेतू केंद्रात अर्ज करताना बाळ दाखल असल्याचे डॉक्टरांचे पत्र जोडले आणि तहसील कार्यालयात कारण सांगितले, तर दाखला लवकर मिळू शकतो.

बाळाला सीपीआरला हलवावे का, हा तुमच्या प्रश्नातला सर्वांत अवघड भाग आहे आणि त्याचे उत्तर मी येथून देऊ शकत नाही. ते बाळाच्या आजच्या प्रकृतीवर अवलंबून आहे आणि ते डॉक्टरांनीच द्यायला हवे. विचार कसा करावा, एवढे मात्र सांगते.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. त्याखाली सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताला औषधे, तपासण्या, रक्त आणि प्रवास हे सगळे मोफत आहे. पुढे ही सोय एक वर्षापर्यंतच्या बालकांपर्यंत वाढवण्यात आली. विशेष नवजात काळजी कक्ष १,८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा चौतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांसाठीच आहेत, म्हणजे तुमचे बाळ तिथल्या निकषात बसते. "फुकट म्हणजे कमी प्रतीचे" ही भीती मनातून काढा. तिथे चोवीस तास डॉक्टर आणि परिचारिका असतात आणि अशी बाळे पाहणे हेच त्यांचे रोजचे काम असते. अडचण असते ती जागेची, कारण कोकणापासून सीमाभागापर्यंतची बाळे कोल्हापुरात येतात.

म्हणून आजच्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: बाळ सध्या हलवण्याच्या स्थितीत आहे का, श्वासाचा आधार साधारण किती दिवस लागेल आणि त्यानंतर बाळाला कोणत्या पातळीची काळजी लागेल. एकतिसाव्या आठवड्यात जन्मलेले आणि गुंतागुंत नसलेले बाळ साधारण चार ते पाच आठवडे रुग्णालयात राहते. पण महाग दिवस बहुधा सुरुवातीचे असतात. श्वास स्थिरावला की पुढचा काळ मुख्यतः ऊब, नळीने दूध आणि वजनवाढीचा असतो. बाळ ऐन कसोटीत असताना धोका पत्करून हलवण्यापेक्षा ते स्थिर झाल्यावर पुढच्या तीन आठवड्यांसाठी सरकारी कक्षात नेणे, हा मार्ग मी अनेक कुटुंबांना सुचवला आहे. खर्चाचा मोठा भाग त्यातून वाचतो. हलवायचेच ठरले, तर आधी तिथल्या डॉक्टरांशी इथल्या डॉक्टरांचे बोलणे होऊन खाट पक्की व्हायला हवी, आणि प्रवास उबेची व प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णवाहिकेतूनच व्हायला हवा. रिक्षात बाळ कुशीत घेऊन निघालेले एक कुटुंब मी पाहिले आहे. बाळ पोहोचले तेव्हा थंड पडले होते.

येथवरचा क्रम असा: आज आरोग्यमित्र आणि विमाक्रमांक, उद्या उत्पन्नाचा दाखला आणि धर्मादाय अर्ज, आणि समांतरपणे डॉक्टरांशी पुढच्या टप्प्याबद्दल बोलणे. एकामागून एक करत बसू नका. घरात तीन माणसे असतील, तर तिघांना तीन वाटांनी पाठवा.

या मार्गांपैकी एकही लागू पडला नाही, तर मुख्यमंत्री सहाय्यता निधी उरतो. त्याच्या आजारांच्या यादीत नवजात शिशूंचे आजार आहेत. मात्र हा निधी इतर योजनांतून लाभ न मिळणाऱ्यांसाठी आहे, त्यातून खर्चाचा काही भागच मिळतो आणि रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते. रुग्णालय निधीच्या यादीत असावे लागते आणि कुटुंबाचे उत्पन्न १,६०,००० रुपयांच्या आत असावे लागते. डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचे खर्चाचे अंदाजपत्रक (खासगी रुग्णालय असल्यास जिल्हा शल्यचिकित्सकांनी प्रमाणित केलेले), आजाराचे अहवाल, रेशन कार्ड, बाळाच्या बाबतीत आईचे आधार कार्ड आणि बाळ दाखल असल्याचा ठिकाणाच्या नोंदीसह फोटो लागतो. जिल्हाधिकारी कार्यालयात यासाठी कक्ष आहे आणि १८०० १२३ २२११ या निःशुल्क क्रमांकावर माहिती मिळते. बाळ घरी गेल्यावर अर्ज केला, तर उपयोग होत नाही. आमदार-खासदारांच्या कार्यालयातून पत्र आणण्यासाठी आपल्याकडे फार धावपळ होते. पत्राने फाइल हलायला मदत होते हे खरे, पण अंदाजपत्रक आणि दाखला यांची जागा ते पत्र घेत नाही. त्यासाठी दोन दिवस घालवू नका.

माझ्याकडून झालेली एक चूक इथे सांगणे योग्य ठरेल. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका शनिवारी दुपारी एक वडील कागदांची पिशवी घेऊन आले. दोन कागद कमी होते. मी त्यांना सोमवारी या म्हणाले. सोमवारी ते आले तेव्हा रविवारी औषधांसाठी त्यांनी सावकाराकडून महिना दहा टक्क्यांनी ऐंशी हजार रुपये उचलले होते. बाळ बरे होऊन गेले. ते कर्ज फेडायला त्यांना म्हैस आणि शेताचा तुकडा विकावा लागला, हे मला दोन वर्षांनी कळले. तेव्हापासून अपुऱ्या कागदांचा अर्जही मी त्याच संध्याकाळी घेते आणि "कागद बाकी" असा शेरा मारून तारीख टाकते. तुम्हीही असेच मागा. अर्ज घ्या, आजची तारीख टाका, उरलेले कागद आणून देतो, असे म्हणा.

आता दागिन्यांबद्दल. मोडू नका, असे मी सांगेन. काही दिवसांपुरती रोख लागणारच असेल, तर पतसंस्थेत किंवा बँकेत सोने तारण ठेवावे, ते परत सोडवता येते. घरी दूध घालत असाल, तर दूध संस्थेची उचल मिळते का ते पाहावे. गावातील सोसायटी, तालीम किंवा तरुण मंडळ अशा वेळी वर्गणी काढते आणि आपल्या जिल्ह्यात ती मदत मागायला लाजण्याचे कारण नाही. अशी जमा झालेली रक्कम शक्यतो रुग्णालयाच्या नावाने धनादेशाने भरावी. सावकाराच्या आणि एका फोनवर कर्ज देणाऱ्या ॲपच्या वाटेला मात्र जाऊ नये.

रोजच्या बिलावरही नजर ठेवा. दररोज संध्याकाळी त्या दिवसाचे तपशीलवार बिल मागा, तो तुमचा हक्क आहे. औषधे आणि तपासण्या कुठून घ्यायच्या, हे निवडण्याचा हक्कही रुग्णहक्कांच्या सनदेत आहे. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन बाहेरच्या दुकानात तीच औषधे, त्याच नावाची आणि मुदतीची, स्वस्त मिळत असतील तर विचारून आणावीत. फुप्फुसे उघडण्यासाठी देण्यात येणाऱ्या सर्फॅक्टंटसारख्या औषधाची एक कुपीही काही हजारांची असते, म्हणून ती दिल्याची तारीख आणि संख्या पडताळावी. नवजात अतिदक्षता विभागाच्या खाटेवर जीएसटी लागत नाही, तो लावलेला दिसला तर दाखवून द्या. आणि बिलाची बाकी राहिली म्हणून बाळाला अडवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही रुग्णालयाला नाही. बाकीबद्दल हप्त्यांचे लेखी ठरवून बाळ घरी नेता येते.

खर्च कमी करणारी एक गोष्ट तुमच्या पत्नीच्या हातात आहे आणि ती पैशांच्या धावपळीत मागे पडते. डॉक्टरांनी परवानगी दिली, की तिने रोज जास्तीत जास्त वेळ बाळाला उघड्या छातीशी धरून बसावे, ज्याला कांगारू मदर केअर म्हणतात, आणि वाटीत काढलेले स्वतःचे दूध बाळाला नळीने मिळेल असे पाहावे. अशी बाळे जंतुसंसर्गापासून अधिक सुरक्षित राहतात, वजन चांगले घेतात आणि लवकर घरी जातात. त्या ऊसतोड कामगार आईने फडात डोक्याला बांधतात त्या कापडाने बाळ छातीशी बांधून घेतले होते आणि अठ्ठाविसाव्या दिवशी ती त्याला घेऊन गेली. पत्नीला राहण्याची सोय रुग्णालयाजवळ होत नसेल, तर समाजसेवकाला विचारा. तिने रोज एसटीने माहेराहून ये-जा करणे बाळासाठीही चांगले नाही.

शेवटी, बाळ घरी न्यायच्या दिवशी डिस्चार्ज कार्डावर डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीची तारीख लिहिली आहे का ते पाहा. चौतीस आठवड्यांआधी किंवा दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळाची ही तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत व्हायला हवी. उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. तुमच्या बाळाचा तिसावा दिवस कदाचित रुग्णालयातच येईल, म्हणून आधीच विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या आजाराचा, जन्मतः असलेल्या हृदयविकारांचा आणि कानांच्या दोषांचा समावेश आहे, त्यामुळे पुढचे उपचार लागले तर तेही मोफत होऊ शकतात. गावातील आशा ताईंना बाळ आल्याचे पहिल्याच दिवशी कळवा. तपासणीची ती तारीख त्यांच्या वहीतही लिहून घ्यायला सांगा.